सुधाकर भाऊजींची बँक

भाऊजी,

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाल्यावर चौघे बोलले. तुम्ही फार शांत होतात, कोणाला कधी उलटून बोलला नाहीत, असं चौघांनी सांगितलं. मी मान खाली घालून बसले होते. लोकांना वाटलं रडतेय. मी हसू दाबतेय हे फक्त माझ्या जावेला, तुमच्या निर्मलाला माहीत होतं, तिनं मला कोपरानं ढोसलं. गेली तीन वर्षं तुम्ही माझ्या ओट्यावर बसून जे भांडलात, ते ऐकायला त्या चौघांपैकी एकानं तरी यायला हवं होतं.

बँकेचं नाव मात्र एकानंही घेतलं नाही. म्हणजे तुम्ही ज्या बँकेत कॅशियर होतात तिचं घेतलं. जी बँक अजून कुठेच नाही आणि जिच्यासाठी तुम्ही रिटायर झाल्यावर बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर असे चपला झिजवत फिरलात, तिचं घेतलं नाही. माणूस गेला की त्याचं अर्धवट राहिलेलं काम लोकांना अडचणीचं वाटतं. त्याबद्दल बोलायचं तर ते कोण पुरं करणार, हेही बोलावं लागतं.

मी बोलते. येत्या मंगळवारी मुंबईला आमदारांच्या समितीपुढे आपल्याला बोलावलं आहे. पत्रावर तुमचं नाव आहे आणि तुम्ही नाही. त्या दिवशी आपलं नाव पुकारतील, कोणी उठलं नाही तर पुढचं पुकारतील. तीन वर्षांचं काम तेवढ्यात संपेल. म्हणून हे लिहायला बसले.

आपलं भांडण पुलावरून सुरू झालं. नाल्याच्या अलीकडे आमची अंबरनाथची वस्ती, पलीकडे शाळा आणि दवाखाना. तुमचे दादा, म्हणजे आमचे हे, हयात होते तेव्हा एका वर्षी जयंतीच्या मिरवणुकीला बेंजो लावायचा नाही, असं आम्ही बायकांनी ठरवलं. पोरं रुसली. त्या वर्गणीतून आपण नाल्यावर लोखंडी पूल टाकला. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये भंगारवाल्या शेठकडे तुम्ही, दादा आणि मी गेलो होतो. त्यानं पट्ट्या दाखवल्या. मी म्हणाले, या वाकड्या आहेत.

"माई, पूल बनाना है या शादी का मंडप? थोडा टेढा चलेगा."

"यावरून तुझी नातवंडं जाणार आहेत का?"

शेठ उठला. आत गेला आणि सरळ पट्ट्या घेऊन आला. "ये लो. किसी को बताना मत, नहीं तो सब लोग सीधा मांगेंगे."

परत येताना टेम्पोत तुम्ही म्हणालात, "वहिनी, तुम्ही आमच्या युनियनमध्ये असतात तर आम्ही दोन संप कमी केले असते." दादा म्हणाले, "किंवा दोन जास्त."

तो पूल अकरा पावसाळे टिकला. मग एक फळी गेली आणि माझ्या शेजारच्या सुमनचा पाय तिच्यात गेला. घोटा मोडला, अजून ती एका बाजूला कलून चालते. तेव्हापासून पूल बंद आहे. शाळेतली पोरं, पोटुशा बाया, दम्याचे म्हातारे, सगळे हमरस्त्यानं वळसा घालून जातात. आम्ही नव्या पुलासाठी अर्ज केले. निधी नाही, असं उत्तर आलं. पुन्हा केले, तेच उत्तर पुन्हा आलं, फक्त कागद जरा बरा होता.

तेव्हा तुम्ही ओट्यावर बसून म्हणालात, "वहिनी, तेव्हा आपण पूल टाकला हीच चूक झाली."

मी पातेलं खाली ठेवलं. "काय चूक झाली?"

"आपण बांधला म्हणून त्यांना बांधावा लागला नाही. लोक आपलं आपण करून घेतात, हे एकदा कळलं की सरकार कशाला करेल?"

"नसता बांधला तर अकरा वर्षं पोरं घाणीतून गेली असती."

"गेली असती. मग कोणीतरी जागं झालं असतं."

"कोणीतरी म्हणजे कोण? नाव सांगा."

 तुम्ही मागे हटला नाहीत. हे भांडण आपलं मिटलंच नाही. आज तुम्ही नाही म्हणून मी ते सोडून देईन, असं समजू नका. तो पूल बांधला ते बरोबरच होतं. पण एक सांगते, जे तुमच्या तोंडावर कधी म्हणाले नाही: तो पुन्हा आपणच बांधायचा, हे बरोबर नव्हतं. सुमनचा पाय बघितला की मला तुमचं बोलणं आठवायचं आणि म्हणूनच जास्त राग यायचा.

मग तुम्ही बँकेचा विषय काढलात. माझ्या ओट्यावरून पालेगावच्या बाजूचे टॉवर दिसतात. तिकडे बोट करून म्हणालात, "त्या बिल्डरला बँक कर्ज देते, कारण त्याला फ्लॅट विकता येतो. नाल्यावरचा पूल कोणाला विकणार, वहिनी?"

"रोज विकतोय की," मी म्हणाले. "वळसा घालायला रिक्षाला पैसे देतात ते कशाचे? नसलेल्या पुलाचेच."

तुम्ही खिशातून पेन काढून ते लिहून घेतलंत. मी विचारलं, हे काय? तर म्हणालात, "हे मी माझ्या नावावर खपवणार." आणि खपवलंत. प्रत्येक सभेत 'नसलेल्या पुलाचं भाडं' म्हणून टाळ्या घेतल्यात. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होते. तो मुद्दा माझा होता, हे आता इथे नोंदवून ठेवते.

तुमची बँक मला समजायला वेळ लागला. तुम्ही चार वेळा सांगितलंत, आणि चौथ्यांदा, म्हणजे थकून, सोपं सांगितलंत. राज्याच्या मालकीची बँक. भांडवल राज्याचं, नफा वाटून घ्यायला कोणी भागीदार नाही. तिनं घर-गाडीसाठी कर्ज द्यायचंच नाही. जे सगळ्यांचं असतं आणि म्हणून कोणाचंच नसतं, त्याला द्यायचं. गटार, पाण्याची टाकी, पूल, रस्त्यावरचे दिवे, स्मशानाचं छप्पर. नगरपालिकेनं, ग्रामपंचायतीनं ते घ्यायचं आणि कमी व्याजानं लांब मुदतीत फेडायचं. "पूल चाळीस वर्षं वापरायचा," तुम्ही म्हणालात, "मग त्याचा सगळा भार एकाच वर्षाच्या लोकांनी का उचलायचा?"

हे मला पटलं. बेंजो सोडला तो एकाच वर्षी, त्या वेळच्या पोरांनी, आणि पुलावरून पोरं गेली ती पुढची अकरा वर्षं. पण पटलं तरी मी सही केली नाही. का केली नाही, ते तुम्हाला माहीत आहे. पण लोकांना माहीत नाही, म्हणून सांगते.

दादा गेले तेव्हा तुम्ही दर रविवारी बदलापूरहून यायचात. धीर वगैरे दिला नाहीत, ते बरं केलंत. पेन्शनचे कागद घेऊन बसायचात. मी चौथी शिकलेली. अक्षरं वाचता यायची, पण सरकारी कागद म्हणजे मला भिंत वाटायची. तुम्ही शिकवलंत, "वहिनी, कागद खालून वाचायचा. आधी सही कोणाची ते बघा. मग वर जा. सहीखाली नाव नसेल तर वरचं कितीही गोड असो, कोणी काही बोललेलं नाही असं धरा." त्या दिवसापासून मला कागदाची भीती उरली नाही. पुलाच्या अर्जावर आलेली दोन्ही उत्तरं मी खालून वाचली. दोन्हींवर साहेबांच्या 'करिता' कोणीतरी वेडीवाकडी रेघ ओढली होती. नाव नाही.

म्हणून मी विचारलं, "तुमच्या बँकेनं नाही म्हटलं तर त्या कागदावर सही कोणाची असेल?"

"आधी बँक तर होऊ दे."

"झाल्यावर कोण विचारतो? आत्ताच लिहा. जो नाही म्हणेल त्यानं जागेवर यायचं, नाला बघायचा, आणि चारचौघांत स्वतःच्या नावानं कारण सांगायचं. आणि जिथे काम व्हायचं तिथल्या बाया बँकेच्या मंडळावर पाहिजेत."

"वहिनी, निवेदन एका पानाचं आहे. सगळं घातलं तर कोणी वाचणार नाही."

"मग माझी सहीही नाही."

तुम्ही हसलात, पण मी हसले नाही. तुमच्या सह्यांची मोहीम मी दारोदार फिरवली आणि स्वतः सही केली नाही. तुम्ही हे कोणाला सांगितलं नाहीत. निर्मलालाही नाही. त्याबद्दल मी तुमचे आभार मानायला हवे होते. त्या वेळी मानले नाहीत.

आणि मग त्या तीन पिशव्या आल्या.

निवेदनावर तुम्ही मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'आम्ही बँकेची मागणी करतो.' खाली नाव, पत्ता, सही. मी ते कागद आमच्या बचत गटाच्या बायांना दिले, त्यांनी पालेगावात आणि कॅम्पातल्या गटांना दिले. पंधरा दिवसांनी तीन पिशव्या भरून परत आल्या. प्रत्येक कागदाला आधार कार्डाची झेरॉक्स आणि दोन पासपोर्ट फोटो टाचलेले. काहींना लाईट बिल. एका बाईकडे एकटीचा फोटो नव्हता, तिनं लग्नातला फोटो कापून नवऱ्याला बाजूला काढलं होतं. नवऱ्याचा एक कान राहिला होता. मागणी या शब्दाच्या पुढे कोणी शिलाई मशीन लिहिलं, कोणी पिठाची गिरणी, कोणी नुसतंच 'मिळेल ते'.

आपल्याकडे ज्या कागदावर बँक लिहिलंय त्याला झेरॉक्स आणि फोटो लागतातच. ते मला आधी सुचायला हवं होतं. मीही तसंच केलं असतं.

तुम्ही ओट्यावर डोकं धरून बसलात. "वहिनी, हे कर्जाचे अर्ज आलेत. सगळं फुकट गेलं. फाडून टाकू, नव्यानं करू."

"माणसांचे फोटो फाडायचे नाहीत," मी म्हणाले. "ज्याचा त्याच्या हातात द्यायचा. फुकट काढले नाहीत त्यांनी."

"एवढी घरं? आपण दोघं?"

"मग काय तुमच्या युनियनला बोलावू?"

थंडीभर फिरलो. तुमचा गुडघा आणि माझी कंबर. प्रत्येक दारात एकच सांगायचं: बाई, कर्ज मिळणार नाही, हा घे तुझा फोटो. शिव्या खाल्ल्या. पालेगावात एका म्हातारीनं तर आत बोलावून, पाणी देऊन मग शिव्या दिल्या. "करज नाय तं फोटू कशाला काढवला?" तुम्ही तिला भांडवल आणि मुदत समजवायला लागलात. मी तुमचा शर्ट ओढला आणि विचारलं, "आजी, तुझ्या एकटीच्या घराला घेता येत नाही, पण सगळ्यांनाच लागतं, असं काय आहे गं इथे?"

तिनं टॉवरकडे बघितलं. "जमीन आमची गेली. त्यांना टँकर येतंय. आमच्या गावाला टाकी नाय."

"म्हणजे टाकी पाहिजे?"

"टाकीच. लिव."

तुम्ही तिच्याच कागदाच्या पाठीवर लिहिलंत: टाकी. ती म्हणाली, "माझं नाव पन लिव." झेरॉक्स परत घेतली, पण एक फोटो तिनं पुन्हा टाचायला लावला. "कोन बोललं ते दिसूं दे."

मग दारोदार तेच विचारलं. आमच्या वस्तीत सगळ्यांनी पूल सांगितला, विचारायच्या आधीच. कॅम्प दोनला कारखान्यांच्या गल्लीत गटार. तिथेच आपला भंगारवाला शेठ भेटला, आता तोही थकला आहे. मला ओळखलं. "माई, वो पूल खडा है?"

"गेला."

"मेरा लोहा नहीं गया होगा. तुम लोगों का वेल्डिंग गया होगा."

"सही कर," मी म्हणाले. त्यानं केली, आणि शेजारच्या चार दुकानांच्या आणून दिल्या. तुमच्या बदलापूरच्या सोसायटीत चेअरमन म्हणाले, आमच्याकडे सगळं आहे. तेवढ्यात वरच्या मजल्यावरची नोकरी करणारी मुलगी जिन्यात थांबली आणि म्हणाली, स्टेशनवरून येताना रस्त्यावर दिवे नाहीत, तेवढं लिहा. चेअरमननी तिच्याकडे असं बघितलं की जणू तिनं सोसायटीची अब्रू काढली.

परतताना रिक्षात तुम्ही कागद उलटून त्यांच्या पाठी वाचत होतात. मग म्हणालात, "लोकांनी फॉर्म बरोबर भरला होता, वहिनी. आपण प्रश्न चुकीचा विचारला होता."

आयुष्यात तुम्ही दोनदा चूक कबूल केलीत. ही दुसरी. पहिली तुमच्या लग्नातल्या जेवणाची.

त्या पाठीवर लिहिलेल्या कागदांच्या झेरॉक्स पाठवल्या, त्यामुळेच समितीनं बोलावलं. तुमच्या एका पानाच्या निवेदनामुळे नाही. हे तुम्हीही म्हणालात. आणि म्हणूनच शेवटचं भांडण झालं.

"समितीपुढे तुम्ही बोलायचं," तुम्ही म्हणालात. "मी बोललो तर वाटेल बँकेचा माणूस बँक मागतोय."

"मला चौथीपर्यंतचं येतं."

"त्यांना पाचवीचं काही विचारायचं नाही."

मी हसले नाही. मी म्हणाले, "मला दाखवायला नेताय. म्हातारी, लुगडं, हातात झेरॉक्स. फोटो बरा येईल पेपरात." हे मी बोलले, आणि मला माहीत होतं की हे खरं नाही. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही चप्पल घातलीत आणि म्हणालात, "तुम्ही काय बोलायचं ते मी ठरवणार नाही. एक शब्दही नाही. विचार करा." मी म्हणाले, "केला." आणि भांडी घासायला बसले. पाचव्या दिवशी निर्मलाचा फोन आला.

मी विचार केला नव्हता. ते खोटं होतं. तुम्ही गल्लीच्या टोकाला पोचायच्या आधीच मी करायला लागले होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

असो. हे धरून बसायला मला वेळ नाही.

चौघांपैकी एक जण मला म्हणाला, "आक्का, दुःखाचे दिवस आहेत, समितीला कळवून पुढची तारीख घेऊ." मी म्हणाले, पुढची तारीख कोण देणार, त्याचं नाव सांग. तो गेला. परवा निर्मला तिन्ही पिशव्या घेऊन रिक्षानं आली. पोटची पोर कोणाकडे सोपवावी तशी तिनं त्या माझ्या पलंगावर ठेवल्या. "जाऊबाई, हे मला रद्दीत घालता येत नाही आणि घरात बघवत नाही. तुम्ही जाणार की नाही ते एकदाच सांगा."

"जाणार."

"बोलणार?"

"मग काय तिथे झोपायला जाऊ?"

ती रडली, मग तिनं चहा केला. साखर कमी घातली, तुमच्या घरातली सवय.

सुमन बरोबर येते आहे. पालेगावची म्हातारी म्हणते, मला गाडीतून न्या, मी माझ्या फोटोजवळ उभी राहीन. शेठच्या दुकानातून निरोप आला की गल्लीतला एक माणूस येईल. मी काय बोलायचं ते ठरवलं आहे. नसलेल्या पुलाचं भाडं मीच सांगणार, आणि या वेळी माझ्या नावावर. कागदाच्या पाठी वाचून दाखवणार, जेवढा वेळ देतील तेवढ्या. त्यांनी थांबवलं तर जिथे थांबवलं तिथे कोणाचं नाव होतं ते लिहून घेणार. आणि शेवटी विचारणार की या बँकेला होय म्हणायचं असो की नाही, तुमच्यापैकी सही कोण करणार.

लगेच बँक होणार नाही, हे मला कळतं. माझ्या हयातीत होईलच असंही नाही. सुमनची नात आता पहिलीत गेली आहे. ती रोज वळसा घालून शाळेत जाते. ती चौथीत जाईपर्यंत मी हे सोडणार नाही. माझी चौथी मला पुरली, तिची तिला पुरायला नको, आणि तिथवर पोचायला तिला नाला ओलांडावा लागतो.

आज दुपारी पिशव्या आणि तुमच्या निवेदनाची माझ्या वाटची कोरी प्रत घेऊन बसले. सगळ्या सह्या पुन्हा पाहिल्या. मग तुमच्या मजकुराखाली जी जागा होती तिथे, तुम्हाला नको होती ती ओळ लिहिली: नकार देणाऱ्यानं जागेवर येऊन स्वतःच्या नावानं कारण सांगावं, आणि मंडळावर तिथल्या बाया असाव्यात. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, पान भरलं. भरलं खरं. मी पेननं लिहिलंय, खोडता येणार नाही.

त्याच्याखाली मी सही केली. पूर्ण नाव, सुटं सुटं, वाचता येईल असं. सगळ्यात खाली. म्हणजे समितीतल्या कोणाला तुमच्यासारखी कागद खालून वाचायची सवय असेल, तर त्याला आधी माझं नाव वाचावं लागेल, मग माझी अट, आणि मग तुमची बँक.

तुमची वहिनी